जुनी, दोन इंजिनांची बोट: शोधापासून पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत

फायबरग्लासची ३४ फुटी, दोन डिझेल इंजिनांची, १९८८च्या मॉडेलची बोट आता माझ्या नावावर आहे आणि चालते आहे. शोध सुरू केला तो सप्टेंबरात. सगळी कामं उरकून ती पाण्यात उतरली पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. या काळात मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे, की जाहिरातींत खूप काही असतं आणि जाणकारांच्या चर्चाही भरपूर असतात, पण नवख्या माणसाला आधी काय, मग काय, किती थांबावं लागतं आणि कुठे घाबरायला होतं, हे कुणी क्रमाने सांगत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

जुनी बोट घ्यायची हे पैशाने ठरवलं. दोन इंजिनांची हवी हे मी ठरवलं. किनाऱ्यापासून लांब एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर परत येता यावं, एवढीच त्यामागची इच्छा. पण शोधाच्या पहिल्याच महिन्यात एका अनुभवी डिझेल मेकॅनिकनी मला विचारलं, "दोन्ही इंजिनांना डिझेल एकाच टाकीतून येत असेल, दोन्ही एकाच बॅटरीवर चालू होत असतील, तर तुमच्याकडे इंजिनं किती?" त्या प्रश्नाने माझी सगळी खरेदी आणि पुढची सगळी दुरुस्ती बदलली. दोन इंजिनं एकमेकांपासून खरोखर वेगळी असतील तरच दुसऱ्याचा भरवसा. नाहीतर देखभालीचा खर्च दुप्पट आणि धोका तेवढाच.

शोध

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या बोटीही पाहिल्या. त्या स्वस्त मिळतात. पण इंजिन बोटीच्या पोटात असलं की पेट्रोलची वाफ खाली साचते. चालू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर काढणारा पंखा, लावायची सूचना असते ती याचसाठी. शिवाय खाऱ्या पाण्यात चाललेल्या पेट्रोल इंजिनांचे एग्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (धूर बाहेर नेणारे भाग) आतून गंजतात आणि पाणी थेट सिलिंडरात उतरू शकतं. ज्यांना ते सांभाळता येतं ते सांभाळतात. मी डिझेल निवडलं.

बोट पाहायला जाताना तीन गोष्टी मी नेमाने करत गेले. पहिली, इंजिनाला हात लावून बघणं. मालकाला आधीच सांगून ठेवायचं की इंजिन थंड हवं, आणि तरीही पोचल्यावर ब्लॉकवर तळवा ठेवायचा. कोमट लागलं तर ते थंडीत सुरू व्हायला त्रास देत असावं असं समजायचं. दुसरी, पहिला धूर बघणं. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी, निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंजिनावर ताण किंवा हवा कमी. थंड डिझेल सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडतंच; तो किती वेळात विरतो हे महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट जाहिरातीत कधीच दिसत नाही: इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला हात पोचतो का? दोन इंजिनांच्या बोटीत मधल्या वाटेतून दोन्ही इंजिनांची आतली बाजू छान दिसते. पण डाव्या इंजिनाची डावी आणि उजव्याची उजवी बाजू बोटीच्या भिंतीला चिकटून असते. समुद्राच्या पाण्याचा पंप किंवा तेलाचा फिल्टर तिकडे असेल तर साधा इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक) बदलायला अर्धा दिवस जातो, आणि मग तो वेळेवर बदलला जात नाही. मी टॉर्च आणि काठीवरचा आरसा घेऊन पोटावर आडवी व्हायचे आणि हात आत घालून बघायचे. दिसायला देखण्या अशा काही बोटी मी एवढ्याच कारणावरून सोडल्या आणि आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो.

इंजिनाचे तास कमी म्हणजे चांगलं, असं मीही धरून चालले होते. पण वर्षानुवर्षं धक्क्याला बांधून ठेवलेलं इंजिन नियमित चाललेल्या इंजिनापेक्षा बरेचदा जास्त खराब निघतं. सील सुकतात, गंज चढतो, टाकीत पाणी साचतं. त्यामुळे तासांपेक्षा मी नोंदवही मागायचे. ज्या मालकाने तेल कधी बदललं ते तारखेनिशी लिहून ठेवलं होतं, त्याचीच बोट शेवटी घेतली.

कागद आधी

नोव्हेंबरात बोट पसंत पडली. लेखी प्रस्ताव दिला, पण दोन अटींवर: सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, आणि समुद्रावरची चाचणी माझ्या मनासारखी झाली तरच व्यवहार, नाहीतर अनामत रक्कम परत. अनामत, किमतीचा दहावा हिस्सा, विक्रेत्याच्या हाती न देता त्रयस्थ खात्यात ठेवली. या दोन्ही गोष्टी लेखी नसतील तर पुढे जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

मग कागद. बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर उजव्या हाताला वर एक क्रमांक कोरलेला असतो, तो बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची, मग अनुक्रमांक, आणि शेवटच्या चार खुणांत महिना, वर्ष आणि मॉडेलचं वर्ष. माझ्या बोटीवर शेवटी एच, ७ आणि ८८ असं होतं. म्हणजे ऑगस्ट १९८७मध्ये बांधली, मॉडेल १९८८चं. नोंदणीच्या कागदावर १९८७ आणि जाहिरातीत १९८८ असल्यामुळे मला आधी शंका आली होती, ती इथे मिटली. पण नोंदणी कार्यालयाचं तेवढ्याने समाधान होत नाही. त्या क्रमांकाचा फोटो, दोन्ही वर्षांचा खुलासा करणारं विक्रेत्याचं सहीचं पत्र आणि सर्व्हेयरचा दाखला असं तिन्ही जोडल्यावर अर्ज पुढे सरकला. फोटो काढताना क्रमांकावर खडू घासा, अक्षरं स्पष्ट उठतात.

इंजिनांचे क्रमांकही प्रत्यक्ष इंजिनावरून लिहून घ्या. जुन्या बोटीत एखादं इंजिन मधेच बदललेलं असतं, आणि कागदावर जुनाच क्रमांक राहतो. माझ्या बाबतीत दोन्ही जुळले.

जिथे खरी वाट पाहावी लागली ती जागा वेगळीच होती. बोटीवर पूर्वीच्या एका मालकाच्या काळातलं कर्ज नोंदलेलं होतं. कर्ज कधीच फिटलेलं होतं, पण बोजा उतरवल्याचं पत्र नोंदवायचं राहून गेलं होतं. ज्या संस्थेने कर्ज दिलं ती दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली, त्यामुळे जुनी फाइल शोधण्यात डिसेंबर पूर्ण गेला आणि जानेवारीही बराच संपला. त्या काळात रोज वाटायचं, सोडून द्यावं. सोडलं नाही, कारण पत्र मिळवण्याची जबाबदारी करारात विक्रेत्यावर होती आणि ते खरोखर खटपट करत होते. बोटीवरचा बोजा मालक बदलला तरी बोटीबरोबरच जातो. "फिटलंय, काळजी करू नका" या शब्दांवर एक पैसाही देऊ नये. नोंदीत बोजा उतरलेला दिसला पाहिजे.

सर्व्हे

फेब्रुवारीत बोट क्रेनने पाण्याबाहेर काढली. क्रेन, तळ धुणं आणि दोन सर्व्हेयर हा सगळा खर्च घेणाऱ्याचा. दोन सर्व्हेयर अशासाठी, की बोटीचा सांगाडा तपासणारा माणूस सहसा इंजिनाच्या आत शिरत नाही. इंजिनासाठी वेगळा माणूस हवा, शक्यतो त्याच जातीच्या इंजिनांवर काम केलेला.

सांगाड्याच्या सर्व्हेयर बाईंनी प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन नाळेपासून मागपर्यंत सगळा तळ ठोकला. घट्ट फायबरग्लासवर टणक आवाज येतो, आतले थर सुटले असतील तिथे तो बसका होतो. एका जागी त्या थांबल्या, पुन्हा ठोकलं, खडूने वर्तुळ काढलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही ठोका." फरक मलाही ऐकू आला. ती जागा डेकवर, कठड्याच्या खांबाच्या बुडाशी होती. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून आतला बाल्सा लाकडाचा गाभा कुजला होता. ओलाव्याचं मीटर त्यांनी तळावर लावलं, पण त्याच दिवशीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका असंही सांगितलं, कारण नुकत्याच बाहेर काढलेल्या बोटीचा पृष्ठभाग ओलाच असतो. तळावर थोडे फोड होते. जुन्या फायबरग्लासमध्ये ते होतात, आणि सुटे, लहान असतील तर त्यावरून बोट नाकारायची गरज नसते.

त्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला तो सीकॉकना. तळातून आरपार जाणारी ही फिटिंग्ज. त्यांच्या झडपा बंद केल्या की समुद्राचं पाणी आत यायचं थांबतं. चाकूच्या टोकाने त्यांनी धातू खरवडला. ब्राँझ आतून पिवळसर चमकतं. दोन ठिकाणी आत गुलाबी रंग निघाला: ती पितळेची होती, खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाऊन टाकलं होतं, आणि उरलेला धातू ठिसूळ झाला होता. पाण्याच्या रेषेखाली एका फुटावर २ इंचांचं भोक पडलं तर गणिताने मिनिटाला ३०० लिटरच्या आसपास पाणी आत येतं. नेहमीच्या बिल्ज पंपाला (तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला) ते आवरत नाही. मला त्या गुलाबी डागाची जेवढी भीती वाटली, तेवढी अख्ख्या अहवालातल्या दुसऱ्या कशाची वाटली नाही.

इंजिन सर्व्हेयरनी दोन्ही इंजिनांचं आणि दोन्ही गिअरबॉक्सचं तेल वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल यायला आठवड्याहून जास्त लागला. उजव्या गिअरबॉक्सच्या तेलात सोडियम डाव्यापेक्षा बरंच जास्त निघालं. तेल डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, पण गिअरबॉक्सच्या कूलरमधून समुद्राचं पाणी झिरपायला सुरुवात झाली होती. उशिरा कळलं असतं तर गिअरबॉक्सच गेला असता. आत्ता कूलर बदलून भागलं.

दोन इंजिनांचा एक मोठा फायदा मला इथे कळला. एक इंजिन दुसऱ्याची मोजपट्टी असतं. एकाच मॉडेलची, एकाच वयाची, एकच पाणी आणि एकच डिझेल पिणारी दोन यंत्रं. त्यांच्यात जिथे फरक दिसेल तिथे काहीतरी सांगण्यासारखं असतं. समुद्रावरच्या चाचणीत सर्व्हेयरनी इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्हींच्या त्याच-त्याच जागा मोजल्या आणि आकडे समोरासमोर लिहिले. आजही मी दर महिन्याला तेच करते.

चाचणीत पूर्ण थ्रॉटलवर काही मिनिटं चालवणं आवश्यकच. विक्रेत्यांना ते आवडत नाही, पण करारात लिहिलेलं असावं. आमच्या इंजिनांचे ठरलेले फेरे मिनिटाला २,८००. उजवं तिथे पोचलं. डावं २,६५०च्या पुढे जाईना आणि मागे काळा धूर. डॅशबोर्डवरचे काटे मात्र दोन्हींना सारखंच दाखवत होते! जुन्या काट्यांवर विसंबू नये हे सर्व्हेयरना माहीत होतं; त्यांनी पुलीवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजलं. इंजिन दमलंय का, या काळजीत मी परत आले. बोट पुन्हा वर काढल्यावर बोट ढकलणारे दोन्ही पंखे उतरवून मोजायला दिले, तेव्हा उलगडा झाला. कधीतरी दुरुस्तीत डाव्या पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर) सुमारे एक इंच वाढला होता. इंजिन ठणठणीत होतं, त्याच्यावर ओझं जास्त होतं. अशा जादा ओझ्यावर वर्षं काढली तर डिझेल इंजिन तापतं आणि त्याचं आयुष्य घटतं. पंखा दुरुस्त करून पूर्ववत करणं हा सगळ्या यादीतला अगदी हलका खर्च ठरला.

व्यवहार

अहवालात शिफारशी तीन वर्गांत होत्या: बोट चालवण्याआधी करायलाच हव्यात अशा, लवकर कराव्यात अशा, आणि सवडीने. पहिल्या वर्गातल्या कामांची लेखी अंदाजपत्रकं घेऊन मी विक्रेत्यांकडे गेले. घासाघीस अशी करावीच लागली नाही. त्यांनी कागद वाचले, सीकॉकचा फोटो बघितला, आणि किमतीतून जवळपास दहावा हिस्सा कमी केला. अंदाजपत्रकाशिवाय "एवढं कमी करा" म्हणणं आणि अंदाजपत्रक पुढे ठेवणं यात फार फरक आहे.

विम्याची चौकशी सर्व्हेच्या आधीच करा. जुन्या बोटीला सर्व्हेशिवाय विमा मिळणं कठीण, आणि अहवालातल्या पहिल्या वर्गातल्या शिफारशी ठरावीक मुदतीत पूर्ण केल्याचं पत्र कंपनी मागते. विमा ठरलेल्या रकमेचा आहे की घसारा वजा करून मिळणाऱ्या रकमेचा, हेही आधी विचारा. ३०-३५ वर्षांच्या बोटीत या दोन्हींत प्रचंड तफावत पडते.

मार्चमध्ये सह्या झाल्या. बिल ऑफ सेलवर सांगाड्याचा क्रमांक, दोन्ही इंजिनांचे क्रमांक आणि बोटीबरोबर येणाऱ्या वस्तूंची यादी घातली. आणि एक गोष्ट, जी फार जणांकडून राहून जाते. व्हीएचएफ रेडिओत पूर्वीच्या मालकाचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची बोटीची ओळख, भरलेला असतो. संकटाचं लाल बटण दाबलं तर चॅनल ७०वरून तोच क्रमांक जातो, आणि शोधपथक भलत्याच माणसाच्या घरी फोन करतं. बऱ्याच रेडिओंत हा क्रमांक वापरणाऱ्याला एकदा-दोनदाच भरता येतो. नंतर रेडिओ कंपनीकडे किंवा विक्रेत्याकडे पाठवून पुसून घ्यावा लागतो. माझा पाठवला, परत यायला काही आठवडे लागले. ४०६ मेगाहर्ट्झच्या ईपर्बचीही (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणाऱ्या यंत्राची) तीच गोष्ट: जुन्या मालकाने आपली नोंद सोडायची, नव्याने स्वतःच्या नावावर करायची. त्याच्या बॅटरीची मुदत बाहेर छापलेली असते, तीही बघून घ्या.

सुधारणा, आणि तिचा क्रम

बोट हातात आल्यावर मोठ्या पडद्याचा चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारं यंत्र) घ्यावा, गाद्या बदलाव्यात, रंग द्यावा असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. पण यार्डमध्ये जागेचं भाडं दिवसावर चालू असतं, आणि पाण्याबाहेरच करता येणारी कामं आधी उरकली नाहीत तर तेच भाडं पुन्हा भरावं लागतं. मी क्रम असा लावला: आधी पाणी आत येऊ न देणारं, मग आग न लागू देणारं, मग चालतं ठेवणारं, मग दिशा दाखवणारं, आणि शेवटी बसायला छान वाटणारं.

फक्त गुलाबी निघालेले दोनच नाही, तर सगळेच सीकॉक बदलून ब्राँझचे बसवले. होज नवे, प्रत्येक टोकाला जागा असेल तिथे दोन-दोन स्टेनलेस क्लिप. शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, बोटीबाहेर जातो तिथे जुन्या पद्धतीचे स्टफिंग बॉक्स होते. ग्लँड पॅकिंग घातलेले, चालताना थेंब-थेंब गळणारे. ते गळणं त्यांच्या कामाचाच भाग आहे, पण पोट कोरडं राहावं म्हणून मी न गळणारे सील बसवले. ते बसवताना दोन इंजिनांची एक खास गोष्ट समजली. या सीलना थंड ठेवणारं पाणी त्याच बाजूच्या इंजिनाच्या पंपाकडून येतं. एक इंजिन बंद करून दुसऱ्यावर चालवलं की बंद बाजूचा पंखा पाण्याच्या ओढीने फिरत राहतो, शाफ्टही फिरतो, आणि त्याच्या सीलला पाणी मात्र मिळत नाही. म्हणून दोन्ही सीलच्या पाण्याच्या नळ्या एकमेकींना जोडतात, म्हणजे चालू इंजिन दोघांनाही पाणी पुरवतं. बाकी सगळीकडे मी वेगळं करत होते. इथे जोडणं हाच उपाय होता. तुमच्या बोटीत असे सील असतील आणि अशी नळी नसेल, तर ती पहिल्यांदा घाला.

गिअरबॉक्सचंही असंच. बंद इंजिनाचा शाफ्ट फिरू दिला तर चालतो की तो अडकवून ठेवावा लागतो, हे गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. काहींत तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि नुसता शाफ्ट फिरला तर आतले भाग कोरडे घासतात.

मग डिझेल. टाक्या दोन होत्या, पण मधल्या झडपा कायम उघड्या, त्यामुळे व्यवहारात टाकी एकच. टाक्यांना वरून तपासणीची झाकणं बसवली आणि टॉर्च मारली तर तळाला काळा, चिकट गाळ. शांत पाण्यात तो खाली बसून राहतो. लाटा लागल्या की ढवळून निघतो आणि दोन्ही इंजिनांचे फिल्टर एकाच वेळी बंद करतो, म्हणजे नेमका तेव्हाच जेव्हा इंजिन हवंच असतं. मला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्या झाकणाखाली दिसलं. टाक्या उपसून, धुऊन घेतल्या. आता डावी टाकी डाव्या इंजिनाला, उजवी उजव्याला, आणि मधली झडप बंद, गरज पडली तरच उघडायची. हे करताना परतीची नळी विसरू नका. डिझेल इंजिन लागतं त्यापेक्षा जास्त इंधन ओढतं आणि उरलेलं टाकीत परत पाठवतं. ओढायचं एका टाकीतून आणि परत दुसरीत असं झालं तर ती दुसरी टाकी भरून वाहते. म्हणून ओढण्याची आणि परतीची अशा दोन्ही झडपा जोडीने फिरवायच्या, आणि प्रत्येकीवर पत्र्याची पट्टी लावून काय ते कोरून ठेवायचं. अंधारात, घाईत, दुसऱ्या कुणालाही कळलं पाहिजे.

इंजिन खोलीतले सगळे इंधनाचे होज आयएसओ ७८४० या आगीला टिकणाऱ्या दर्जाचे घेतले. हा आकडा होजवर छापलेला असतो, दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो वाचा. प्रत्येक इंजिनाला दोन-दोन फिल्टर आणि त्यांवर व्हॅक्यूम गेज. काटा चढायला लागला की फिल्टर तुंबतोय हे इंजिन अडखळण्याआधी कळतं.

या टप्प्यावर, मे-जूनमध्ये, मी सर्वांत खचले होते. बोट उघडी पडलेली, सगळीकडे सुटे भाग, डिझेलचा वास कपड्यांतून जाईना, आणि एका कारखान्याकडून उजव्या गिअरबॉक्सचा कूलर येतो-येतो म्हणत महिनाभर आला नाही. त्या काळात मला एका सवयीने तारलं: दर आठवड्याला एक काम असं निवडायचं जे त्याच आठवड्यात पूर्ण होईल. मग ते आठ नटांना नवीन वॉशर घालणं का असेना.

वायरिंग मी समजून घेऊन केलं, अवघड जोडण्या इलेक्ट्रिशियनकडून. तीस-पस्तीस वर्षांत प्रत्येक मालकाने आपापली तार ओढली होती, आणि अर्ध्या तारा कुठेच जात नव्हत्या. सगळं काढलं. कलई केलेल्या तांब्याच्या तारा, नीट क्रिंप केलेले जोड, प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना क्रमांक. तारेची जाडी ठरवताना अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची मर्यादा धरली: दिव्यांसारख्या साध्या गोष्टींना व्होल्टेजची घट १० टक्क्यांपर्यंत चालेल, नेव्हिगेशन दिवे आणि मुख्य पॅनेलला ३ टक्क्यांच्या वर नको. बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज, स्टार्टरची तार सोडून. प्रत्येक इंजिनाला स्वतःची स्टार्टर बॅटरी, बाकी वापराला बॅटऱ्यांचा तिसरा संच. एक बॅटरी बसलीच तर जोडून घ्यायला स्विच आहे, पण तो एरवी बंद. बिल्ज पंप मात्र मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर, म्हणजे बोट कुलूपबंद असतानाही तो जागा राहतो.

ऑगस्टमध्ये उपकरणं. इंजिनांची माहिती, खोली, जीपीएस हे सगळं एनएमईए २०००च्या (बोटीवरच्या उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या पद्धतीच्या) एका मुख्य तारेवर घेतलं. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारे रोधक, असतात. वीज बंद करून मल्टिमीटरने मोजलं तर डेटाच्या दोन तारांत सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे. उपकरणं चालत नाहीत म्हणून महागडा सेन्सर बदलण्याआधी हे एकदा मोजून बघा. जुने ॲनालॉग काटे मी काढले नाहीत, दुरुस्त करून ठेवले. पडदा बंद पडला तरी तेलाचा दाब दिसला पाहिजे.

खर्च

आकडे जागेप्रमाणे बदलतील, म्हणून वाटणी सांगते. एकूण खर्चाचे शंभर भाग धरले तर बोटीची किंमत ५५ झाली. सर्व्हे, क्रेन, कागद आणि पहिल्या वर्षाचा विमा मिळून ७. यार्डचं भाडं ६. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखे १३. इंधनाच्या टाक्या आणि नळ्या ५, वायरिंग आणि बॅटऱ्या ७, उपकरणं ५, आणि डेकच्या दुरुस्तीसकट उरलेलं सगळं २. गाद्या अजून जुन्याच आहेत. प्रत्येक इंजिनाचा खर्च दोनने गुणायचा असतो: फिल्टर, इंपेलर, कूलंट, बेल्ट, जस्ताचे ॲनोड सगळंच. हिशेब करताना सुरुवातीपासून तसाच करा.

पाण्यात

ऑक्टोबरात क्रेनच्या पट्ट्यांवर असतानाच बोट थोडी पाण्यात टेकवून थांबवायला सांगितलं, आणि आत उतरून एकेका सीकॉकभोवती कोरडा कागदी रुमाल फिरवला. सगळे कोरडे निघाले तेव्हाच पट्ट्या सोडायला सांगितल्या. हे क्रेनवाल्यांना आधी सांगून ठेवलं तर ते आनंदाने थांबतात.

शाफ्टची रेष यार्डमध्ये ढोबळ जुळवली होती. अखेरची जुळणी पाण्यातच करायची, तीही बोट एखादा दिवस तरंगू दिल्यावर, कारण बाहेर टेकूंवर असलेल्या बोटीचा आकार किंचित बदललेला असतो. इंजिनाची बाजू आणि शाफ्ट जिथे जोडतात त्या कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून चारही बाजूंनी अंतर बघतात; कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त फरक नको. मेकॅनिक इंजिनाच्या माउंटचा नट जेमतेम हलवायचे, पुन्हा पाती घालायचे, मान हलवायचे. उजव्या बाजूला यात अख्खी दुपार गेली. परिणाम लगेच समजला: पूर्वी १,८०० फेऱ्यांना पायांखाली जाणवणारी थरथर नाहीशी झाली.

पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही इंजिनं ठरलेल्या फेऱ्यांना पोचली, काही फेऱ्यांच्या फरकाने. मग मुद्दाम डावं इंजिन बंद केलं. बोट डावीकडे ओढायला लागली, कारण ढकलणारं उजवं इंजिन मधल्या रेषेच्या बाजूला आहे. सुकाणू उजवीकडे धरून ठेवावं लागतं आणि वेग कमी ठेवला तर ती सरळ चालते. मग उजवं बंद करून तेच उलट केलं. दोन्ही वेळा बंद बाजूच्या सीलला हात लावून बघितला, तो गार होता. नवीन घेतलेल्या बोटीवर हा सराव शांत पाण्यात, दिवसाउजेडी, पहिल्याच आठवड्यात करून ठेवा. धक्क्याला लावण्याचाही सराव लागतो: सुकाणू मधे ठेवून एक इंजिन पुढे, दुसरं मागे घातलं की बोट जागच्या जागी वळते. हळू करा, गिअर बदलताना मधे न्यूट्रलवर थांबा.

शिफारशी पूर्ण केल्याचं पत्र सर्व्हेयर बाईंनी पुन्हा येऊन, बघून दिलं, ते विमा कंपनीला पाठवलं आणि अट निघाली. नोंदणीचं नवं प्रमाणपत्र त्यानंतर आलं; त्यावर वर्ष १९८७ असं बरोबर लागलं आहे. आता राहिलंय ते कठड्याच्या आणखी दोन खांबांखालचा गाभा उघडून बघणं आणि जुना जनरेटर ठेवायचा की काढायचा हे ठरवणं. दोन्ही पुढच्या वेळी बोट वर काढेन तेव्हा. कुणी अशाच बोटीच्या शोधात असेल आणि अहवाल किंवा अंदाजपत्रक हातात घेऊन अडला असेल तर जरूर लिहा, मी माझी तपासणीची यादी आणि दोन्ही इंजिनांच्या तापमानाचा तक्ता पाठवेन.